अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कावीळ: ९.२ ला निळा प्रकाश आणि १४ ला घरी, हे गणित कसे?

सातपूरकर

नमस्कार. आमच्या मुलीचा जन्म चार दिवसांपूर्वी, ३१ आठवडे पूर्ण झालेले असताना झाला. वजन १४५० ग्रॅम होते. श्वासाचा त्रास पहिल्याच दिवशी आटोक्यात आला, मात्र ४० व्या तासाला काढलेल्या रक्तात बिलिरुबिन, म्हणजे कावीळीचे पिवळे द्रव्य, ९.२ मिलिग्रॅम निघाले आणि तिला तातडीने निळ्या प्रकाशाखाली ठेवण्यात आले. त्याच मजल्यावर माझ्या एका सहकाऱ्याचा मुलगा आहे. तो पूर्ण दिवसांचा असून चौथ्या दिवशी त्याचे बिलिरुबिन १४ होते, तरीही डॉक्टरांनी त्याला अंगावर वारंवार पाजण्यास सांगून घरी सोडले. घरातील सर्वांचा प्रश्न एकच आहे की, ज्याचा आकडा मोठा तो घरी आणि जिचा लहान ती पेटीत, असे कसे? डॉक्टरांनी समजावून सांगितले होते, पण त्या वेळी डोक्यात काही शिरत नव्हते. प्रकाशाचे परिणाम, चांगले आणि वाईट दोन्ही, जाणकारांनी सविस्तर सांगितले तर बरे होईल. माझ्या आईचे म्हणणे असे की, निळे दिवे कशाला, खिडकीतले कोवळे ऊन पुरे आहे.

बालवैद्य

सातपूरकर, आधी कन्यारत्नाबद्दल अभिनंदन. या गडबडीत ते राहून जाते. तुमच्या मुलीचे कागद माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे उपचाराचे निर्णय तिथल्या डॉक्टरांचेच. मी केवळ हा आकडा कसा वाचतात ते सांगतो.

बिलिरुबिनचा आकडा सुटा वाचता येत नाही. बाळ किती आठवड्यांचे आहे आणि जन्मून किती तास झाले आहेत, या दोन गोष्टींशी तो ताडून पाहावा लागतो. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०१० मध्ये दिलेल्या सूचनांत ३८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांसाठी तोंडी करता येईल असा हिशोब आहे. तीन दिवस पूर्ण झाल्यावर आठवड्यांना दहाने गुणायचे आणि त्यातून शंभर वजा करायचे, म्हणजे प्रकाशोपचार सुरू करण्याची रेषा मायक्रोमोलमध्ये मिळते. ३१ आठवड्यांसाठी ती २१० येते, म्हणजे आपल्याकडील मिलिग्रॅमच्या मापात सुमारे १२.३. आठवडे गुणिले दहा, म्हणजे ३१०, ही रक्तबदलाची (बाळाचे रक्त थोडे थोडे काढून नवे भरण्याची) रेषा असून मिलिग्रॅममध्ये ती १८.१ च्या आसपास येते. पहिल्या तीन दिवसांत या दोन्ही रेषा खालून वर चढत असतात. म्हणून ४० व्या तासाला तुमच्या मुलीची प्रकाशाची रेषा साधारण आठवर होती आणि ९.२ हा आकडा तिच्या वर गेलेला होता. अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१२ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी सुचवलेला तक्ता वेगळ्या पद्धतीचा आहे, पण तोही ३० आणि ३१ आठवड्यांच्या बाळांना ८ ते १० या दरम्यान प्रकाश सुरू करण्यास सांगतो. २८ आठवड्यांपूर्वीच्या बाळांना तर ५ ते ६ लाच. तुमच्या सहकाऱ्याच्या मुलाची रेषा चौथ्या दिवशी विसाच्या आसपास असणार, त्यामुळे त्याचे १४ हे रेषेच्या बरेच खाली होते.

रेषा एवढी खाली का, हे त्यापुढचे. तांबड्या पेशी मोडल्या की हिमोग्लोबिनमधून बिलिरुबिन तयार होते. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमागे सुमारे ३५ मिलिग्रॅम. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या तांबड्या पेशी अल्पायुषी असतात, ते बिलिरुबिन पाण्यात विरघळण्याजोगे करणारे यकृतातील विकर (एन्झाइम) अगदी तोकडे असते, आणि दूध उशिरा व थेंबाथेंबाने सुरू होत असल्यामुळे आतड्यात आलेले बिलिरुबिन शीबरोबर बाहेर न पडता पुन्हा रक्तात शोषले जाते. त्याशिवाय रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन, जे बिलिरुबिनला धरून ठेवते, तेही कमी असते. सुटे राहिलेले बिलिरुबिन मेंदूत शिरू शकते. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन यांच्या चाचणीत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना संसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या सल्फा औषधामुळे मृत्यू आणि मेंदूची कावीळ वाढल्याचे दिसले होते. सल्फाने अल्ब्युमिनवरील बिलिरुबिनची जागा बळकावली होती, हा उलगडा नंतर झाला. आजही सेफ्ट्रिअॅक्सोन हे प्रतिजैविक कावीळ झालेल्या नवजात बाळाला, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या, देत नाहीत ते याच कारणाने. थोडक्यात, श्वासाचा त्रास, संसर्ग, रक्तातील आम्लता यांपैकी काही असेल तर बाळाची रेषा आणखी खाली धरतात.

लीड्सची_परिचारिका

मी इंग्लंडमध्ये नवजात अतिदक्षता कक्षात काम करते. सातपूरकरांच्या आईंनी उन्हाचा विषय काढला आहे म्हणून सांगावेसे वाटते की, या उपचाराचा उगमच उन्हात आहे. एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड जनरल रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षाची जबाबदारी सिस्टर जे. वॉर्ड यांच्याकडे होती. चांगले ऊन पडले की त्या नाजूक बाळांनाही अंगणात घेऊन जात. १९५६ साली त्यांनी फेरीवर आलेल्या डॉक्टरांना एक बाळ उघडे करून दाखवले: अंगावरचा पिवळेपणा उतरला होता, फक्त चादरीचा कोपरा पडला होता तेवढा त्रिकोणी भाग गडद पिवळा राहिला होता. पुढे काही आठवड्यांनी बाळाच्या रक्ताची एक नळी खिडकीतील उन्हात काही तास तशीच राहिली आणि तिच्यातील बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी भरले. डॉ. रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन धागे जोडून निळसर नळ्यांचे यंत्र तयार केले आणि १९५८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. अमेरिकेने मात्र दहा वर्षे फारशी दखल घेतली नाही; व्हरमाँटच्या जेरॉल्ड ल्यूसी यांनी १९६८ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरील चाचणी प्रसिद्ध केल्यावर तिकडे हे दिवे पसरले.

आमच्या व्यवसायातील एका बाईने उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीतून हे सारे निघाले, याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

वाईच्या_आजी

मग सातपूरकरांच्या मातोश्रींचे चुकले कुठे? अंगणातल्या उन्हानेच बाळ उजळले असे तुम्हीच लिहिता. आमच्याकडे बाळाला सकाळच्या उन्हात पायांवर घेऊन बसण्याची रीत पिढ्यान् पिढ्या आहे. शिवाय बाळंतिणीला हळद आणि तेलकट बंद करावे, असेही सांगतात. वाद घालण्यासाठी विचारत नाही. माझी नातसून सातव्या महिन्यात आहे आणि मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

बालवैद्य

आजी, प्रश्न रास्त आहे. उन्हात निळा प्रकाश भरपूर असतो, त्यामुळे ऊन बिलिरुबिनवर काम करते यात शंका नाही. अडचण अशी की, त्याच्याबरोबर अतिनील किरण आणि उष्णताही येते. दीड किलोच्या बाळाला उघडे करून उन्हात धरले तर ते काही मिनिटांत तापते आणि सावलीत आणले की तितक्याच लवकर गारठते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाची मात्रा ढग, ऋतू आणि खिडकीच्या दिशेप्रमाणे बदलते, ती मोजलेली नसते. नायजेरियातील लागोस येथे, जिथे वीज आणि यंत्रे दोन्ही बेभरवशाची, तिथे संशोधकांनी अतिनील किरण आणि बरीचशी उष्णता अडवणाऱ्या पडद्यांखाली बाळांना ठेवून पाहिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गाळलेले ऊन नेहमीच्या दिव्यांपेक्षा कमी पडले नाही. पण ती बाळे पूर्ण किंवा जवळपास पूर्ण दिवसांची होती आणि त्यांचे तापमान परिचारिका सतत तपासत होत्या. दाराशी पायांवर घेऊन बसणे आणि हे, यांत फार अंतर आहे. माझी खरी भीती वेगळी आहे: ऊन दिले म्हणजे उपचार झाला असे समजून घरचे लोक रक्त तपासायला दोन दिवस उशिरा येतात.

बाळंतिणीच्या हळदीचा बाळाच्या कावीळीशी काहीही संबंध नाही. उलट पथ्याच्या नावाखाली तिला वरणाच्या पाण्यावर ठेवले तर तिचीच ताकद जाते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, भाजी-भाकरी, सर्व खाऊ द्यावे. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणारे लोकही भेटतात. पाणी पिवळे होते ते त्यांच्या हाताला लावलेल्या वनस्पतीमुळे, बाळाच्या अंगातून काही निघत नाही.

दिव्याखाली नेमके काय होते तेही सांगतो. त्वचेतील बारीक रक्तवाहिन्यांमधून जाणाऱ्या बिलिरुबिनच्या रेणूवर ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा, निळा-हिरवा प्रकाश पडला की, रेणूची घडी बदलते. नव्या घडीचा रेणू पाण्यात विरघळतो आणि यकृताच्या त्या तोकड्या विकराची वाट न पाहता थेट पित्तात उतरतो. यांतील काही रूपे पुन्हा मूळ घडीत परततात, पण ल्युमिरुबिन नावाचे रूप परतत नाही आणि पित्त व लघवी या दोन्ही वाटांनी बाहेर जाते. दिव्याखाली बाळाची शी हिरवट, पातळ आणि वारंवार होते, त्याचे कारण बऱ्याच अंशी हेच आहे.

यंत्रदुरुस्ती

मी रुग्णालयांतील यंत्रांच्या देखभालीचे काम करतो, तेव्हा डॉक्टर ज्याला मात्रा म्हणतात तिच्या मोजमापाविषयी लिहितो. या विषयावरील बहुतेक चर्चांत यंत्राकडे कोणी पाहतच नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे.

दिवा लागलेला आहे म्हणजे उपचार चालू आहे, असे नसते. प्रकाशाची तीव्रता एका छोट्या मापकाने बाळाच्या अंगाच्या पातळीवर मोजतात. एकक जिभेला जड आहे: मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर प्रति नॅनोमीटर. साध्या उपचाराला ८ ते १० आणि जोरदार उपचाराला किमान ३० लागते. डोळ्यांना दिसणाऱ्या लखलखाटावरून हे ओळखता येत नाही. पांढरी नळी जास्त उजळ भासते, पण बिलिरुबिनच्या कामाचा निळा भाग तिच्यात थोडा असतो. जुन्या फ्लुरोसेंट नळ्या वरून ठणठणीत दिसत असतानाच आतून क्षीण होत जातात, म्हणून साधारण एक ते दोन हजार तासांनंतर त्या बदलायच्या असतात. मी अनेक ठिकाणी टोके काळी पडलेल्या नळ्यांखाली बाळे पाहिली आहेत आणि तिथला तासांचा मीटर बंद पडलेला होता. एलईडी दिवे आल्यापासून परिस्थिती सुधारली. त्यांची उष्णता कमी, आयुष्य मोठे आणि प्रकाश नेमक्या पट्ट्यातला. चेन्नईच्या फीनिक्स मेडिकल सिस्टिम्सने डी-रेव्ह या अमेरिकी संस्थेबरोबर आणलेले ब्रिलियन्स हे यंत्र याच गरजेतून तयार झाले.

अंतराचेही तसेच. दिवा दुपटीने दूर नेला की तीव्रता निम्म्याच्याही खाली येऊ शकते. साधारण ३० ते ४० सेंटिमीटर अंतर ठेवतात, पण प्रत्येक यंत्राची पुस्तिका पाहावी, कारण हॅलोजन दिवा जवळ आणला तर भाजते. पेटीवर औषधांचे कागद, रुमाल, देवाचा अंगारा यांची गर्दी असेल तर तेवढा प्रकाश वाया जातो. यंत्राच्या कडेने पांढरे स्वच्छ कापड सोडले की बाजूला जाणारा प्रकाश परतून बाळावर पडतो. कापड आणि हवेची भोके यांत मात्र अंतर हवे.

सातपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. यंत्रदुरुस्ती, तुमचा मजकूर वाचून आज मी भीत भीत विचारले आणि तिथल्या सिस्टरांनी मापक आणून मला आकडा दाखवला: ३४. फार बरे वाटले.

आता नवे प्रश्न. आकडा तिसऱ्या दिवशी ८.१ आणि चौथ्या दिवशी सकाळी ६.८ झाल्यावर दिवा बंद केला होता. आज पाचव्या दिवशी सकाळी तो १२.९ आला आणि दिवा पुन्हा सुरू झाला. उपचार फसला, असे समजायचे का? शी दिवसातून आठ वेळा आणि हिरवी होते. छातीवर लाल पुरळ उठले आहे. वजन १४५० वरून १३४० वर आले आहे. डोळ्यांवरची पट्टी घसरली तर नजरेचे काय, ही माझ्या पत्नीची चिंता आहे.

सिस्टर_सोलापूर

सातपूरकरदादा, मी सरकारी रुग्णालयातील नवजात शिशू काळजी कक्षात तेवीस वर्षे काढली आहेत. दिवा बंद केल्यावर आकडा पुन्हा चढणे हे अपुऱ्या दिवसांच्या बाळांत नित्याचे आहे, विशेषतः ज्यांचा दिवा पहिल्या तीन दिवसांतच सुरू झाला होता त्यांच्यात. यकृत अजून तयार झालेले नसते, दिव्याने त्याचे काम तात्पुरते उचललेले असते. म्हणूनच दिवा बंद केल्यावर १२ ते १८ तासांनी पुन्हा रक्त काढतात. तुमच्याकडे ते काढले आणि रेषा ओलांडलेली दिसताच दिवा लावला, म्हणजे कक्षाचे काम नीट चालले आहे.

पातळ शी आणि पुरळ दिवा बंद झाला की आपोआप थांबतात. पुरळावर पावडर किंवा तेल काहीही लावू देऊ नका. वजन पहिल्या आठवड्यात अशा बाळांचे उतरतेच, पण दिव्याखाली अंगातून पाण्याची वाफ जास्त जाते, त्यामुळे आम्ही रोज वजन करतो, लघवीची लंगोटे मोजतो आणि दर काही तासांनी ताप पाहतो. पाणी वाढवायचे की नाही हे त्यावर ठरते. ग्लुकोजचे पाणी चमच्याने पाजून कावीळ उतरत नाही. उतरवायला दूध लागते. ताईंना सांगा की दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहा, रात्रीचेही, आणि ते नळीने किंवा वाटी-चमच्याने बाळाला जाऊ दे. दूध पोटात गेले की आतडे हलते आणि बिलिरुबिन शीवाटे निघते. सुरुवातीला आईचे दूध पुरत नसेल तर दूधपेढीची चौकशी करावी. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आपल्याकडची पहिली दूधपेढी सुरू केली, आता इतर शहरांतही त्या आहेत.

पट्टी नीट मापाची हवी. मला पट्टी डोळ्यांवरून घसरण्यापेक्षा ती नाकावर सरकण्याची धास्ती अधिक असते, कारण एवढ्या लहान बाळाचा श्वास तेवढ्यानेही अडतो. पाजताना दिवा बंद करून पट्टी काढतो, डोळे चिकटले आहेत का पाहतो आणि त्या अर्ध्या तासात आईला बाळाचा चेहरा दिसतो. आकडा फार वर नसेल तर त्याच वेळी बाळ आईच्या छातीशी, कांगारू पद्धतीने, देता येते. ताईंनी डॉक्टरांना विचारावे. बहुतेक आया संकोचाने विचारतच नाहीत.

बालवैद्य

सिस्टरांनी लिहिलेल्यात भर घालतो. डोळ्यांविषयी दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पट्टी तीव्र प्रकाशापासून डोळ्याच्या आतल्या पडद्याला जपण्यासाठी असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत पडद्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढण्याचा जो विकार होतो, आरओपी, तो दिव्यामुळे होत नाही. त्याचा संबंध जन्माचे आठवडे, वजन आणि प्राणवायू यांच्याशी आहे. बाळांच्या डोळ्यांवर येणारा प्रकाश कमी केल्याने तो टळतो का, हे अमेरिकेत तपासले गेले आणि १९९८ मध्ये आलेला निष्कर्ष नकारार्थी होता. तुमची मुलगी ३४ आठवड्यांच्या आतली आणि दोन किलोच्या आतली आहे, त्यामुळे जन्मापासून चार आठवड्यांच्या आत पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. कावीळ उतरली, घरी सोडले आणि ती तारीख विसरली, असे होऊ देऊ नका.

बाळाचा वर्ण तपकिरी-करडा दिसू लागला तर लगेच सांगावे. यकृतातून पित्ताचा निचरा अडलेल्या बाळांत दिव्याखाली असे होते, आणि तिथे कावीळ निराळ्या प्रकारची आहे का हे शोधावे लागते. पोर्फिरिया या दुर्मिळ विकारात तर हा प्रकाश देतच नाहीत, कारण त्वचेवर फोड येतात. छोट्या बाळांच्या हृदयाजवळील जी वाहिनी जन्मानंतर मिटायला हवी, ती दिव्यामुळे उघडी राहण्याची शक्यता थोडी वाढते असे काही अभ्यासांत दिसले आहे.

जुळ्यांची_आई

माझी जुळी २९ आठवड्यांची होती. आता ती पाच वर्षांची आहेत. सातपूरकर, तुमच्या पत्नीला माझा हा अनुभव सांगा. अकरा दिवस निळ्या पेटीच्या काचेला हात लावून मी उभी राहत असे, पाचवी झाली नाही, बारसे झाले नाही, आणि घरी प्रत्येक जण कावीळ कशी उतरली नाही म्हणून मलाच विचारत होता. दिव्याच्या परिणामांच्या यादीत आईवर होणारा परिणाम कोणी लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला उशिरा कळली. आम्ही ज्या रुग्णालयात होतो तिथे दिवा चालू असताना कपाळावर टेकवायच्या यंत्राने बिलिरुबिन मोजले गेले. ७ आले, सर्व निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी नव्या डॉक्टरांनी रक्त काढले तर ते ११ होते. प्रकाश पडलेली कातडी आधी उजळते, रक्त नंतर. ज्या सिस्टर वॉर्ड यांची गोष्ट वर लिहिली आहे, त्यांच्या त्रिकोणाचा हाच तर अर्थ होता. तेव्हा दिवा चालू असताना रंगाकडे पाहून किंवा त्या यंत्रावरून निश्चिंत होऊ नका. रक्ताचाच आकडा मागा.

टीपकागद

धागा उत्तम चालला आहे, पण एक शंका. दिवा निर्धोक आहे असे गृहीत धरून लवकर लावण्याकडे कल दिसतो. अगदी छोट्या बाळांत लवकर आणि जास्त प्रकाश देण्याने नुकसान होते का, हे कोणी तपासले आहे का? प्रकाशोपचार आणि लहानपणीचा कर्करोग यांचा संबंध असल्याचेही वाचनात आले.

बालवैद्य

टीपकागद, आमच्या क्षेत्रात सर्वांत जास्त घोळलेला प्रश्न तुम्ही विचारलात. अमेरिकेतील १६ केंद्रांत एक किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या १९७४ बाळांवर चाचणी झाली आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. एका गटाला जन्मानंतर पहिल्या दीड दिवसातच दिवा लावला आणि बिलिरुबिन ५ च्या वर दिसले की तो चालू ठेवला. दुसऱ्या गटाला ८ किंवा १० झाल्यावर लावला. मृत्यू किंवा मेंदूच्या वाढीतील अपंगत्व अशी एकत्रित मोजणी केली तर दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. मृत्यू वगळून केवळ अपंगत्व पाहिले तर लवकर दिवा लावलेल्या गटात ते २६ टक्के आणि दुसऱ्यात ३० टक्के होते, म्हणजे फायदा दिसला. पण ५०१ ते ७५० ग्रॅमच्या बाळांत लवकर दिव्याच्या गटात ३९ टक्के बाळे दगावली आणि दुसऱ्या गटात ३४ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, संख्याशास्त्राने तो पक्का ठरवला नाही. तरीही तो दुर्लक्षिता येत नाही. या बाळांची त्वचा इतकी पातळ आणि पारदर्शक असते की प्रकाश फार खोल जातो. म्हणून अशा बाळांना सुरुवातीलाच पूर्ण जोराचा दिवा न देणे किंवा तासातील काहीच मिनिटे देणे, अशा पद्धती अभ्यासल्या जात आहेत. माझ्या स्वतःच्या कामात मी ७५० ग्रॅमखालील बाळाला रेषा गाठल्याशिवाय दिवा लावत नाही आणि सौम्य तीव्रतेने सुरुवात करतो. सातपूरकरांच्या १४५० ग्रॅमच्या मुलीला हा हिशोब लागू नाही. तिथे उशीर करण्याचाच धोका मोठा.

कर्करोगाविषयी: कॅलिफोर्नियात सुमारे पाच लाख मुलांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये निघालेल्या अभ्यासात वरवर संबंध दिसला, पण ज्या कारणांनी दिवा लागतो ती इतर कारणे हिशोबात धरल्यावर तो संख्याशास्त्रीयदृष्ट्या टिकला नाही. ती बाळे ३५ आठवड्यांच्या पुढची होती. त्यामुळे गरज असलेल्या बाळाचा दिवा या भीतीने नाकारू नये, आणि गरज नसताना खबरदारी म्हणून उगाच एक दिवस जास्त ठेवू नये, असे मी निवासी डॉक्टरांना सांगतो. दिवा येण्यापूर्वी वाढत्या कावीळीवर नाळेच्या शिरेतून थोडे थोडे रक्त काढून नवे भरणे, म्हणजे रक्तबदल, हाच मार्ग होता आणि त्यात बाळे दगावत असत. आमच्या वरिष्ठांनी आठवड्याला अनेक केले. आताच्या निवासी डॉक्टरांना वर्षात एखादाच पाहायला मिळतो.

सातपूरकर

आजचा नववा दिवस. दुसऱ्यांदा लावलेला दिवा सातव्या दिवशी रात्री बंद झाला, त्यानंतर काल ७.४ आणि आज ७.१, दोन्ही रक्ताचे. वजन १३९० झाले आहे. सिस्टर_सोलापूर, तुमचे ऐकून पत्नीने विचारले आणि काल दुपारी दोन तास मुलगी तिच्या छातीशी होती. पट्टी नसलेला चेहरा माझ्या आईनेही पहिल्यांदाच पाहिला. उन्हाचा विषय तिने स्वतःहून मिटवला, मात्र घरी नेल्यावर घालण्यासाठी माझ्याच लहानपणची दुपटी आणि कुंच्या ट्रंकेतून काढून ठेवल्या आहेत. त्या वापरल्या तर चालतील ना? आणि कानांची तपासणी होणार आहे असे सांगितले, ती कशासाठी?

सिस्टर_सोलापूर

दादा, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या का ते आधी विचारा. ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्या वासानेही फुटतात आणि कावीळ एकदम उसळते; धुऊन वाळवल्यावरही वास कापडात राहतो. तसे असेल तर ती दुपटी आठवण म्हणून ठेवा आणि बाळाला नवी सुती, एकदा धुतलेली घ्या.

बालवैद्य

सिस्टरांचे म्हणणे अगदी योग्य. ते विकर तपासले आहे का, तेही डॉक्टरांना विचारा. कानांविषयी: बिलिरुबिन सर्वांत आधी दुखावते ते कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला. कानाच्या आतल्या भागाची तपासणी करणारी ओएई चाचणी अशा वेळी व्यवस्थित येऊ शकते, त्यामुळे तुमच्या मुलीसाठी नसेपर्यंतचा मार्ग तपासणारी बेरा चाचणी करून घ्यावी. कागदावर कोणत्या चाचणीचे नाव आहे, तेवढे पाहून इथे लिहा.

सातपूरकर

पाहिले. ओएई लिहिले आहे. उद्याच्या फेरीत बेराचे विचारतो. ट्रंकेत गोळ्या होत्या.